फॉस्फरसचा आकडा आणि अनुमानाची मर्यादा

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तात जे पदार्थ साठत जातात, त्यांत फॉस्फेट हा महत्त्वाचा पदार्थ आहे. त्याला आवर घालण्यासाठी डायलिसिसच्या रुग्णाला जेवणाबरोबर ज्या गोळ्या घ्याव्या लागतात त्यांना फॉस्फेट बाइंडर म्हणतात. या गोळ्यांनी रक्तातला आकडा खाली येतो, याबद्दल वाद नाही. आकडा खाली आला की आयुष्य वाढते का, हे मात्र अजून थेट सिद्ध झालेले नाही. म्हणजे जगभर लाखो माणसे रोज एका खुणेवर उपचार घेत आहेत आणि त्या खुणेचा मूळ अपायाशी असलेला संबंध अनुमानाने मानलेला आहे. खुणेवरून वस्तूकडे जाणे केव्हा रास्त ठरते, हा ज्ञानमीमांसेतला जुना प्रश्न आहे आणि भारतीय न्यायदर्शनाने त्यावर अनेक शतके बारकाईने विचार केला आहे. अशा अनुमानाच्या आधारावर दुसऱ्याच्या ताटावर किती बंधने घालावीत, हा नीतीचा प्रश्न त्याला लागूनच येतो.

फॉस्फेट का साठते

फॉस्फरस हे मुळात विष नव्हे. प्रौढ माणसाच्या शरीरात तो सुमारे 700 ग्रॅम असतो. त्यातला 85 टक्के हाडांत आणि दातांत, आणि उरलेला बहुतेक पेशींच्या आत. डीएनएचा कणा, पेशींची आवरणे, पेशींना ऊर्जा पुरवणारे एटीपी हे सारे फॉस्फेटशिवाय उभे राहत नाही. रक्तात फिरणारा भाग एकूण साठ्याच्या एक टक्काही भरत नाही, आणि रिपोर्टात छापून येतो तो या एवढ्याशा भागाचा आकडा. निरोगी प्रौढांत तो डेसिलिटरमागे साधारण 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम असतो.

रोजच्या आहारातून 1000 मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस पोटात जातो आणि त्यातला सुमारे 60 टक्के आतड्यांतून रक्तात उतरतो. निरोगी मूत्रपिंडे जेवढा आत आला तेवढा लघवीवाटे बाहेर टाकतात. किती टाकायचा याचा निरोप त्यांना दोन संप्रेरके देतात: हाडांत तयार होणारे एफजीएफ-23 आणि गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे पीटीएच. मूत्रपिंडांचे काम मंदावू लागले की ही संप्रेरके वाढतात आणि उरल्यासुरल्या कार्यक्षमतेवर दडपण आणून फॉस्फेट बाहेर काढत राहतात. म्हणून दुखण्याच्या पहिल्या काही वर्षांत रिपोर्ट चांगला येतो. आकडा चढतो तो बऱ्याच उशिरा, आणि तोवर हाडांची मोडतोड सुरू झालेली असते.

डायलिसिस हे काम अर्धवटच करू शकते. आठवड्यातून तीनदा चार चार तास म्हटले, तरी आठवड्याच्या 168 तासांपैकी 12 तासच रक्त शुद्ध होते. एका वेळी साधारण 800 मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो, म्हणजे आठवड्याला 2400. आत येतो तो 4200 च्या घरात. शिवाय पहिल्या एक-दोन तासांत रक्तातले फॉस्फेट झपाट्याने उतरते आणि मग तिथेच थबकते, कारण पेशींच्या आतला साठा रक्तात सावकाश येतो. रुग्ण घरी पोचून काही तास झाले की आकडा पुन्हा चढू लागतो. जिथे रात्रभर, आठवड्यातून बहुतेक दिवस डायलिसिस करता येते, तिथे अनेकांच्या बाइंडरच्या गोळ्या कमी होतात किंवा बंदही होतात. भारतात मात्र प्रवास, खर्च आणि केंद्रांवरची गर्दी यांमुळे कित्येक जण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेतात. त्यांची तूट साहजिकच जास्त असते. ही तूट भरून काढण्याचा भार दोन गोष्टींवर येतो: पथ्य आणि गोळ्या.

औषधांची वाटचाल

सर्व बाइंडरांचे तत्त्व एकच आहे. अन्नातले फॉस्फेट आतड्यातच पकडायचे, म्हणजे ते रक्तात न जाता शौचावाटे निघून जाते. म्हणूनच या गोळ्या जेवणाबरोबर घ्यायच्या असतात. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीला पकडण्यासारखे फारसे काही मिळत नाही.

सुरुवातीच्या दशकांत यासाठी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड वापरले जाई. फॉस्फेट पकडण्यात ते पटाईत होते आणि रिपोर्ट समाधानकारक येत. पण काही रुग्णांची बोलताना जीभ अडखळू लागली, झटके येऊ लागले, बुद्धी ढासळत गेली आणि मृत्यू ओढवले. 1976 साली ॲलन आल्फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे प्रमाण फार वाढलेले असते हे दाखवून दिले. डायलिसिसच्या पाण्यातून येणारे ॲल्युमिनियम हे त्याचे एक मोठे कारण होते. पुढे गोळ्यांतले ॲल्युमिनियमही शरीरात मुरते आणि हाडे मऊ करते, हे स्पष्ट झाले.

मग कॅल्शियमचे क्षार आले: आधी कॅल्शियम कार्बोनेट, नंतर कॅल्शियम ॲसिटेट. ते स्वस्त आहेत आणि आजही भारतात मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. परंतु त्यातले काही कॅल्शियम रक्तात शिरते, आणि डायलिसिसच्या रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत आधीच चुना साठण्याची प्रवृत्ती असते. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लहान वयापासून डायलिसिसवर असलेल्या विशीतल्या तरुणांच्या हृदयाच्या धमन्यांतही असा चुना साठलेला दिसला. त्यानंतर कॅल्शियमचा डोस मर्यादित ठेवण्याकडे कल वळला.

1998 मध्ये अमेरिकेत सेव्हेलॅमरला मान्यता मिळाली. हा रक्तात न शोषला जाणारा पॉलिमर आहे. त्याच्यावरचे धनभारित गट फॉस्फेटला धरून ठेवतात. 2004 मध्ये चावून खाण्याचे लँथॅनम कार्बोनेट आले, 2013 मध्ये लोहाचे सुक्रोफेरिक ऑक्सिहायड्रॉक्साइड आणि 2014 मध्ये फेरिक सायट्रेट. 2023 मध्ये मान्यता मिळालेले टेनापॅनोर हे बाइंडर नाही. ते आतड्यांच्या पेशींमधल्या फटींतून फॉस्फेट आत झिरपण्याची वाटच आवळते, आणि बाइंडरने पुरेसा गुण न येणाऱ्यांसाठी जोड म्हणून दिले जाते. जुलाब हा त्याचा नेहमीचा त्रास.

या वाटचालीत एक गोष्ट कायम राहिली. नवे औषध आले की त्याने आकडा किती उतरतो हे मोजले गेले आणि मान्यताही त्याच मोजमापावर मिळाली. आकडा उतरणे हे साधन आहे, साध्य नव्हे. ॲल्युमिनियमने आकडा उत्तम उतरवला होता.

खूण आणि वस्तू

न्यायदर्शनात अनुमानाचे शाळकरी उदाहरण म्हणजे डोंगरावरचा धूर. धूर दिसतो, विस्तव दिसत नाही. तरी विस्तव आहे असे आपण खात्रीने म्हणतो, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे विस्तव, हा नियत संबंध आधी ठाऊक असतो. या संबंधाला व्याप्ती म्हणतात. दिसणारी खूण हा हेतू, आणि तिच्यावरून जे सिद्ध करायचे ते साध्य. अनुमानाचे सारे बळ व्याप्तीत असते. ती कच्ची असेल तर युक्तिवाद कितीही सफाईदार असला तरी कोसळतो. चौदाव्या शतकात मिथिलेत गंगेश उपाध्यायांनी ‘तत्त्वचिंतामणी’त व्याप्तीची एकामागून एक लक्षणे घेऊन त्यांतले दोष दाखवले, ते याच काळजीपोटी.

फॉस्फरसच्या उपचारामागेही एक अनुमान उभे आहे. आकडा जास्त, म्हणून हृदयाला आणि आयुष्याला धोका. यात दोन पायऱ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवणे फार आवश्यक आहे. पहिली भाकिताची: ज्यांचा आकडा जास्त, त्यांच्यात मृत्यू जास्त दिसतात. दुसरी हस्तक्षेपाची: आकडा खाली आणला की मृत्यू कमी होतील. धुरावरून विस्तव ओळखता येतो, पण धूर पुसून टाकल्याने विस्तव विझत नाही. पहिली पायरी खरी असूनही दुसरी खोटी असू शकते. व्यवहारात बहुतेक घोटाळा इथेच होतो.

पहिल्या पायरीला भक्कम आधार आहे. 1998 साली जेफ्री ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक डायलिसिस रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा फॉस्फरस 6.5 च्या वर होता त्यांच्यात मृत्यूचा धोका इतरांपेक्षा 27 टक्क्यांनी अधिक आढळला. नंतरच्या अनेक अभ्यासांतून हाच कल दिसला. पण आलेख सरळ चढत जाणारा निघाला नाही. अगदी कमी फॉस्फरस असणाऱ्यांतही मृत्यू जास्त दिसले, कारण तो पुष्कळदा कुपोषणाचा आणि खंगलेल्या शरीराचा परिणाम असतो. आकडा ‘सुंदर’ असणे आणि माणूस ठीक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या आलेखाचे खालचे टोक सांगते.

उपाधीचा शोध

व्याप्ती खरी की भासमान, हे तपासण्यासाठी नैयायिकांनी ‘उपाधी’ ही संकल्पना घडवली. विस्तव आहे म्हणून धूर असणारच, असे उलटे अनुमान केले तर ते फसते. तापून लाल झालेल्या लोखंडात आग असते, धूर नसतो. धुरासाठी ओले सरपण लागते. ओले सरपण ही इथली उपाधी. साध्य जिथे असेल तिथे ती असतेच, पण हेतू जिथे असेल तिथे ती असेलच असे नाही. आपण विस्तवाला जे श्रेय देत होतो ते खरे तर ओल्या सरपणाचे होते.

फॉस्फरसच्या बाबतीत अशी उपाधी कोणती असू शकते? पहिली शक्यता मूत्रपिंडांच्या उरलेल्या कामाची. डायलिसिस सुरू झाल्यावरही काहींना दिवसाला थोडीफार लघवी होत राहते. अशा रुग्णांचा फॉस्फरस कमी राहतो आणि ते जगतातही जास्त. दुसरी शक्यता डायलिसिस अपुरे होण्याची. वेळेआधी मशीन बंद करायला लावणारा, पाळ्या चुकवणारा किंवा फिस्टुलातून (डायलिसिससाठी हातात केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडणीतून) पुरेसा प्रवाह न मिळणारा रुग्ण फॉस्फरसखेरीज इतर पुष्कळ विषारी द्रव्ये आणि पाणी अंगात घेऊन फिरत असतो. तिसरी, पीटीएच भरमसाट वाढून हाडेच विरघळत असण्याची. यांपैकी कशामुळेही आकडा चढतो आणि आयुष्य धोक्यात येते. मग धोका आकड्याचा की आकड्यामागच्या कारणाचा?

कारणाची व्याख्या करताना न्यायपरंपरा आणखी एक अट घालते. कार्याच्या आधी नेमाने हजर असणे पुरेसे नाही, हजेरी निरर्थकही नसावी. कुंभाराकडे माती वाहून आणणारे गाढव घडा तयार होण्याआधी दारात उभे असते, पण ते घड्याचे कारण ठरत नाही. अशा उपऱ्या पूर्ववर्तीला अन्यथासिद्ध म्हणतात. रक्तातले फॉस्फेट हे खरे कारण की अन्यथासिद्ध, याचा निकाल नुसत्या निरीक्षणाने लागत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडावे लागतात, म्हणजे बाकीची कारणे दोन्ही बाजूंना सारखी वाटली जातात, आणि मग फक्त आकड्यात फरक करून पाहावे लागते.

अशा चाचण्या झाल्या, पण त्यांनी नेमका हाच प्रश्न क्वचित विचारला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या डीकॉर चाचणीत दोन हजारांहून अधिक रुग्णांत सेव्हेलॅमर आणि कॅल्शियमचे बाइंडर यांची तुलना झाली. एकूण मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. 2021 साली जपानमधल्या लँडमार्क चाचणीत लँथॅनम आणि कॅल्शियम कार्बोनेट समोरासमोर आले. हृदयविकाराच्या घटनांत फरक आढळला नाही. इटलीतल्या एका लहान चाचणीत मात्र सेव्हेलॅमरच्या बाजूने कौल गेला. या साऱ्या औषध विरुद्ध औषध अशा तुलना होत्या. औषध विरुद्ध काहीच नाही, किंवा कडक लक्ष्य विरुद्ध सैल लक्ष्य, अशी तुलना करून आयुष्य वाढते हे ठामपणे दाखवणारी मोठी चाचणी हाताशी नाही. म्हणूनच मूत्रपिंडविकारांच्या मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ‘केडीगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2017 मध्ये वाढलेला फॉस्फरस सामान्य पातळीकडे आणण्याची सूचना केली, तेव्हा तिला दुर्बळ पुराव्याची श्रेणी दिली. शिफारस आणि तिचे बळ या दोन्ही गोष्टी तिथे शेजारी शेजारी छापलेल्या आहेत.

डायलिसिसच्याच क्षेत्रात या सावधगिरीला आधार देणारे उदाहरण आहे. हिमोग्लोबिन कमी असलेले रुग्ण जास्त दगावतात, हे निरीक्षण खरे होते. त्यावरून रक्त निरोगी माणसाइतके करावे असे वाटणे स्वाभाविक होते. 1998 मध्ये हृदयविकार असलेल्या हजाराहून अधिक डायलिसिस रुग्णांत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले लाल पेशींचे प्रमाण, 42 टक्क्यांपर्यंत नेण्याची आणि 30 टक्क्यांवर ठेवण्याची तुलना झाली. आकडा निरोगी करण्याने फायदा होण्याची चिन्हे तर दिसलीच नाहीत, उलट त्या गटात मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके जास्त दिसू लागले, आणि चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. भाकिताची पायरी पक्की असताना हस्तक्षेपाची पायरी निसटली होती.

संशयालाही सीमा असते

एवढ्यावरून बाइंडर टाकून द्यावेत असा निष्कर्ष काढणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. प्रत्यक्षापलीकडचे काहीच न मानणारा चार्वाक अनुमानाला नाकारतो. त्याला उदयनाचार्यांनी दहाव्या शतकात ‘न्यायकुसुमांजली’त दिलेले उत्तर इथे उपयोगी पडते. संशय घेत राहता येतो, पण स्वतःच्याच कृतीशी तो विसंगत ठरेल तिथे त्याला थांबावे लागते. धुराचा आणि विस्तवाचा संबंध अनिश्चित म्हणणारा मनुष्यही धूर हवा असेल तर विस्तवच पेटवतो. डॉक्टरला आणि रुग्णाला निर्णय आज घ्यायचा असतो. निर्णय न घेणे हाही एक निर्णयच असतो.

फॉस्फेट निव्वळ उपरे नसावे असे मानायला सबळ कारणेही आहेत. 2000 साली प्रयोगशाळेत असे दिसले की जास्त फॉस्फेट असलेल्या द्रवात वाढवलेल्या धमन्यांच्या स्नायुपेशी हाडांच्या पेशींसारखे वागू लागतात आणि स्वतःभोवती खनिज साठवतात. क्लोथो हे प्रथिन नसलेल्या उंदरांत अकाली वार्धक्याची लक्षणे दिसतात, आणि त्यांच्या आहारातले फॉस्फेट कमी केले की ती बरीच मागे हटतात. रुग्णांच्या पातळीवर बोलायचे तर फॉस्फेट फार वाढले की पॅराथायरॉइड ग्रंथी चवताळतात, हाडे दुखतात, आणि क्वचित त्वचेखालच्या रक्तवाहिन्या चुन्याने बुजून अत्यंत वेदनादायी जखमा होतात. चरकसंहितेने प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तोपदेश यांच्या जोडीला ‘युक्ती’ हे चौथे प्रमाण मानले, ते वैद्याच्या याच अडचणीसाठी. अनेक कारणे मिळून काळाच्या ओघात एक कार्य घडवतात, तेव्हा एकेका धाग्याचे बळ अपुरे असले तरी त्यांची जुळणी पाहून बुद्धी निर्णय घेते. आकडा 9 वर असताना तो उतरवण्यामागची युक्ती बळकट आहे. 5.8 चा 5.2 करण्यासाठी आणखी चार गोळ्या वाढवताना ती तितकी बळकट उरत नाही. खात्री पुराव्याच्या मापाने कमीजास्त व्हायला हवी आणि रुग्णाकडून होणारी मागणी खात्रीच्या मापाने.

ताटावरचा भार

ही मागणी लहान नसते. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात डायलिसिसचे रुग्ण दिवसाला साधारण 19 गोळ्या घेतात आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या फॉस्फेट बाइंडरच्या असतात, असे आढळले. गोळ्यांची संख्या जितकी जास्त तितकी जगण्याची प्रत खालावलेली, असेही त्यात दिसले. सेव्हेलॅमरच्या गोळ्या मोठ्या असतात आणि त्या चावायच्या नसतात. दिवसाला पिण्याच्या पाण्याचे माप ठरलेल्या माणसाला एकेक गोळी उतरवण्यासाठी त्यातलेच घोट खर्चावे लागतात. पोट फुगते, बद्धकोष्ठता होते. सेव्हेलॅमर कॅल्शियमपेक्षा महाग आहे, आणि डायलिसिस सरकारी योजनेत मोफत झाले तरी रोजची गोळी बहुतेकदा खिशातूनच आणावी लागते.

पथ्याची कोंडी याहून बिकट आहे. डायलिसिसमध्ये प्रथिने वाया जातात, म्हणून रुग्णाला वजनाच्या किलोमागे रोज एक ग्रॅमहून थोडी जास्तच प्रथिने लागतात. दूध, पनीर, डाळी, अंडी, मासे यांत प्रथिने आहेत आणि फॉस्फरसही आहे. एका हाताने ‘अंगात ताकद यायला हवी, खा’ आणि दुसऱ्या हाताने ‘फॉस्फरस वाढतो, खाऊ नका’ अशा दोन चिठ्ठ्या एकाच वेळी हातात पडतात.

इथे एक भेद रुग्णाला फार दिलासा देणारा आहे. सगळा फॉस्फरस सारख्या प्रमाणात अंगी लागत नाही. डाळी आणि धान्यांतला बराचसा फायटेटच्या रूपात असतो. तो फोडणारे विकर माणसाच्या आतड्यात जवळजवळ नसल्याने त्यातला निम्म्याहून कमीच शोषला जातो. मांस, मासे आणि दुधातला त्याहून अधिक शोषला जातो. कोला पेये, प्रोसेस्ड चीज, टिकवलेले मांस आणि पाकीटबंद पदार्थांत घातलेले फॉस्फेटचे क्षार तर नव्वद टक्क्यांहून अधिक शोषले जातात. अमेरिकेत 2009 मध्ये झालेल्या एका चाचणीत रुग्णांना फक्त वेष्टनावरचे घटक वाचून असे पदार्थ टाळायला शिकवले गेले, तर तेवढ्यानेच त्यांचा फॉस्फरस लक्षणीय उतरला. घरचे वरण तोडण्याआधी बाहेरचे पाकीट तोडणे हे अधिक न्याय्य पथ्य आहे. त्यात शरीर उपाशी राहत नाही आणि घराच्या पंगतीतून माणूस उठवला जात नाही.

उपवासाच्या दिवशी हा गुंता डोळ्यांपुढे येतो. एकादशीच्या ताटात साबुदाण्याची खिचडी असते. साबुदाण्यात फॉस्फरस नगण्य, पण दाण्याच्या कुटात तो भरपूर, आणि जोडीच्या बटाट्या-रताळ्यात पोटॅशियम. ‘आज उपास आहे, औषध कसे घ्यायचे’ म्हणून गोळी डबीतच राहिली, तर तो दाण्याचा फॉस्फरस विनाअडथळा रक्तात जातो. धर्मशास्त्राची भूमिका इथे रुग्णाच्या बाजूची आहे. ज्या गोष्टींनी व्रत मोडत नाही त्यांच्या परंपरागत यादीत पाणी, फळे, दूध यांच्याबरोबर औषधही आहे, आणि आजाऱ्याला उपवासातून सूट आहे. रमजानच्या रोज्यातूनही कुराणाने आजाऱ्याला सवलत दिली आहे. व्रत हा स्वेच्छेने पत्करलेला संयम आहे. शरीरावर आधीच सक्तीचा संयम लादला गेलेल्या माणसाकडे धर्म आणखी संयम मागत नाही.

दोष कोणाचा

संयमाला आपल्या परंपरेत नैतिक प्रतिष्ठा आहे. अति खाणे आणि मुळीच न खाणे या दोन्ही टोकांना गीतेच्या सहाव्या अध्यायात योगाला प्रतिकूल ठरवले आहे. पण ही प्रतिष्ठा दवाखान्यात शिरली की तिचा एक अनिष्ट परिणाम होतो: रिपोर्ट हे चारित्र्याचे प्रगतिपुस्तक बनते. महिन्याचे रक्त तपासून येते, 6.8 हा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो, आणि खुर्चीला टेकून बसलेल्या, हातात सुया टोचलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो: ‘काका, फॉस्फरस वाढलाय, काय खाल्लंत?’ प्रश्न मायेनेच विचारलेला असतो. पण त्यात निकाल आधीच दिलेला असतो.

तो निकाल न्यायाच्या कसोटीवर टिकत नाही. वाढलेल्या आकड्यावरून जिभेचा दोष अनुमानणे हा सव्यभिचार हेतू आहे, म्हणजे साध्य नसतानाही आढळणारा हेतू. आकडा खाण्याने वाढतो, तसाच तो प्रवाह अपुरा पडल्याने, पाळी चुकल्याने, पीटीएच हाडांतून फॉस्फेट ओढून आणत असल्याने, औषधाची पट्टी परवडली नाही म्हणूनही वाढतो. पाकिटावर फॉस्फरसचे प्रमाण छापलेच नाही म्हणूनही वाढतो. ज्या गोळीच्या अंतिम लाभाबद्दल वैद्यकशास्त्र स्वतः साशंक आहे, ती न घेतल्याबद्दल माणसाला अपराधी ठरवणे तर दुहेरी अन्याय आहे. तिथे विचारायला हवा तो प्रश्न मोकळा असतो: गोळ्या घेताना काय अडचण येते? या प्रश्नाला खरे उत्तर मिळण्याची शक्यता असते.

अनिश्चिततेतली संमती

जिथे लाभ निश्चित असतो तिथे डॉक्टरचा सल्ला पुष्कळदा पुरेसा ठरतो. जिथे तो अनुमानित असतो तिथे रुग्णाची मूल्ये निर्णयाचा भाग बनतात, कारण तराजूच्या एका पारड्यात संभाव्य आयुष्य असते आणि दुसऱ्या पारड्यात रोजचे निश्चित जगणे. मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या यादीत असलेल्या पस्तिशीतल्या माणसाने रक्तवाहिन्या जपण्यासाठी कडक नियम पाळणे समंजसपणाचे आहे. ऐंशी वर्षांच्या, भूक मंदावलेल्या आजींना चार घास सुखाने खाऊ देण्यासाठी आकडा थोडा वर राहू देणे तितकेच समंजसपणाचे आहे. वैद्यकशास्त्र दोघांनाही एकच लक्ष्य देत असेल तर ते माणसांकडे न पाहता आकड्यांकडे पाहत आहे.

ही निवड रुग्णाला करता यावी यासाठी तीन गोष्टी सांगायला हव्यात. आकडा फार वाढला तर हाडांना आणि रक्तवाहिन्यांना धोका आहे, यावर बऱ्यापैकी एकमत आहे. मध्यम वाढलेला आकडा आणखी खाली आणल्याने आयुष्य वाढते का, हे सिद्ध झालेले नाही. आणि गोळी घ्यायचीच ठरली तर ती घासाबरोबर घ्यावी, मोठ्या जेवणाला जास्त आणि लहान खाण्याला कमी, नाहीतर तिचा त्रास तेवढा पदरी पडतो. एवढे सांगितल्याने औषधावरचा विश्वास कमी होईल ही भीती अनाठायी आहे. कारण समजून घेतलेली गोळी माणूस अधिक नेमाने घेतो, आणि घेत नसेल तर तसे लपवत नाही.

वैद्यकशास्त्राकडेही एक ऋण उरते. निरीक्षणातून सापडलेली व्याप्ती उपाधीमुक्त आहे की नाही, हे पारखून पाहणे हे त्याचे कर्तव्य आहे. त्यासाठी कडक आणि सैल लक्ष्यांची थेट तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या हव्यात. त्यांत आयुष्य, हृदयविकार आणि रुग्णाचे रोजचे सुखदुःख या तिन्ही गोष्टी मोजल्या जाव्यात, आणि आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेणारे, मुख्यतः डाळ-भात-भाकरी खाणारे रुग्णही त्यांत असावेत. तोवर बाइंडर वापरणे रास्त आहे. मात्र ते अनुमानावर आधारलेले आहे याचे भान ठेवून, रुग्णाच्या सोसण्याच्या मर्यादेत आणि त्याच्या संमतीने वापरले तरच ते रास्त आहे.